होडीच्या फळीतलं निळं

फोटूमामा लग्नाचे फोटो काढायला आले, की नवरीपेक्षा मांडवाच्या मेढीवर कॅमेरा जास्त रोखायचे. धारूरात त्यांचा स्टुडिओ होता आणि मी तिथे कॉम्प्युटरवर एडिटिंग करायचे. दर अल्बमच्या वेळी एखादं गाठीचं, तडकलेलं लाकूड निघायचंच. "हे कशाला काढलं, मामा?" विचारलं, की म्हणायचे, "नवरी जाती, मेढ ऱ्हाती." आता मांडव तर दुसऱ्या दिवशी सोडतात, मग मेढ राहते कुठे? मला हे कोडं आजवर सुटलेलं नाही.

एकदा धारूरच्या एका मुलाचं लग्न कोकणात, मुलीच्या गावी लागलं. मामा पहिल्यांदाच समुद्राकाठी जाऊन आले. कसा आहे समुद्र, विचारलं तर म्हणाले, "नीट बगितलाच न्हाई. किनाऱ्याला एक मोडकी होडी पडल्याली, तिच्या फळीतच गुतलो." कॅमेऱ्याच्या कार्डावर त्या फळीचे ढीगभर फोटो होते. इतक्या जवळून काढलेले, की मला आधी ते नांगरलेलं रान वाटलं. भेगा, गंजक्या खिळ्याचे ओघळ, कडेला मिठाची पांढरी पूड.

"यातला एक मोठा करून लावू," मामा म्हणाले. आमच्याकडे फोटो एडिट करायचा म्हणजे गोरा करायचा. गिऱ्हाईकच तसं बजावून जातं. हाताच्या सवयीने मी भेगा पुसल्या, डाग काढले, फळी चांगली उजळ केली. मामा स्क्रीनला नाक लावून बघत राहिले. "बाई, हिला काय पावणे बगायला येणारेत का?" मला हसू फुटलं, पण ते हसत नव्हते.

त्यांना त्या राखाडी लाकडात निळं दिसलं होतं. भेगेच्या काठाकाठाने, बारीक. मला काही ते दिसेना. रंग भरणं सोपं होतं, पण मी तसं करू लागले की मामा ओरडायचे, "घालू नको. आत हाय ते वर काढ." त्यातच डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नव्हती, आणि उरलेली किती टिकेल याचा भरवसा नव्हता. मामांनी लग्नाची कामं सोडली, पण रोज दुपारी खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसायचे. मी उजेड कमी करायचे, वाढवायचे आणि पार गोंधळून जायचे. मला दिसत नाही, की तिथे ते नाहीच? आणि नसेल, तर हा भला माणूस झुरतोय कशासाठी?

एके दुपारी त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. फळीचा फोटो सोडून भलतीकडेच. "आलं का निळं?"

"आलं, मामा," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. "मला वाटलं, मलाच भास झालता. तुला दिसलं न्हवं? मग खरं हाय. छाप."

आता मामा लातूरला लेकीकडे असतात. नजर पूर्ण गेली. स्टुडिओ मी चालवते, आणि ती फळी माझ्यासमोरच्या भिंतीवर आहे. मामांची लई आठवण येते. परवा त्यांचाच फोन आला. म्हणाले, "नातवाला सांगितलं, ते निळं मी एकट्यानं न्हाई बगितलं, आमी दोघांनी बगितलं." मी हो म्हणाले.

खरं सांगून टाकावं म्हणून मी कितीदा फोन हातात घेतला असेल. दर वेळी नंबर लावायच्या आधी फळीपाशी जाते, आणि तिथेच बघत उभी राहते.