मनातल्या कागदावरच्या चुका

आमच्या घरात विचारशक्ती आली ती बायकोच्या टायपिंगच्या परीक्षेमुळे.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. ती नागपुरातल्या एका सरकारी कचेरीत तात्पुरती कारकून होती. नोकरी कायम व्हायची तर मराठी टायपिंगची परीक्षा पास होणं भाग होतं. मिनिटाला तीस शब्द. दोनदा ती नापास झाली होती. तिसरी संधी शेवटची, आणि तीही हुकली तर घरी बसावं लागेल, हे कचेरीतल्या बडे बाबूंनी तिला चहा पाजून सांगितलं होतं. वाईट बातमी चहाबरोबर देण्याची सरकारी पद्धत मला नेहमीच सुसंस्कृत वाटत आली आहे.

घरी मशीन नव्हती. धंतोलीत एका डॉक्टरांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर टायपिंगचा वर्ग होता, तिथे रोज एक तास मिळायचा. वर पंधरा मशीनी एकदम खडखडायच्या आणि खाली डोकेदुखीचे रोगी बाकावर बसून आपला नंबर यायची वाट पाहायचे. डॉक्टरांनी याबद्दल कधी तक्रार केली नाही. त्यांचं त्यात नुकसान नसावं.

एका तासात वेग वाढेना. अशात वर्गातल्या एका मैत्रिणीने तिला बातमी दिली की शहरात एक मोठे वक्ते आले आहेत आणि विचारांच्या बळावर हवं ते कसं मिळवावं हे तीन दिवस फुकट शिकवणार आहेत. मी तेव्हा एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. अशी पुस्तकं कपाटात लावणं हा माझ्या कामाचा भाग होता आणि ती वाचूनही मी ग्रंथपालच राहिलो होतो. तरी मी तिच्याबरोबर गेलो. तिला एकटीला जायचं नव्हतं आणि मला जाहिरातीत दिसलेला वक्त्यांचा सफारी सूट पाहायचा होता.

त्यांची ओळख करून देण्यात अर्धा तास गेला. मग ते उठले आणि म्हणाले, "या जगात अशक्य असं काही नाही. मनुष्याच्या इच्छेपुढे जड वस्तूसुद्धा..." आणि माइक बंद पडला. त्यांनी तो दोनदा ठोकला, तीनदा फुंकला आणि शेवटी मोकळ्या आवाजात विचारलं, "माइकवाला कुठे आहे?" मी बायकोकडे पाहिलं. ती वहीत लिहून घेत होती.

त्यांची रीत सोपी होती. रोज पहाटे दहा मिनिटं डोळे मिटून बसायचं. जे हवं आहे ते मिळालंच आहे असं पाहायचं. नोकरी हवी तर खुर्ची पाहा, परीक्षा असेल तर सर्टिफिकेट पाहा, गळ्यातला हार पाहा, नातेवाइकांचे चेहरे पाहा. मिळेल असं म्हणायचं नाही, मिळालं असंच म्हणायचं. वाटेतल्या अडचणींचा विचारही करायचा नाही, कारण विचार केला की त्या येतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे बायको पलंगावर मांडी घालून बसली. मी स्वयंपाकघरात चहाची वाट पाहत होतो. आई म्हणाली, "आज चहा तूच कर. ते ध्यानाले बसली आहे."

माझ्या आईने सुनेला रिकामं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं आणि पाहिलं असतं तर तसं राहू दिलं नसतं. पण डोळे मिटून बसलेल्या बाईला हाक मारायची नसते, एवढं तिचं पक्कं होतं. वक्त्यांना आपल्या शक्तीचा पत्ता लागलेला नव्हता असं मला पुढे वाटलं. लग्नाला सहा वर्षं झालेल्या बाईला त्यांनी भरल्या घरात रोज दहा मिनिटं मिळवून दिली होती, आणि तीही सासूच्या संमतीने. आठवड्यात त्या दहाची पंचवीस झाली. मी चहात तरबेज झालो.

एके दिवशी मी चहाचा कप घेऊन आत गेलो तर तिचे डोळे मिटलेले, पण मांडीवर दहाही बोटं नाचत होती. कपाळाला आठ्या.

"सर्टिफिकेट दिसलं का?" मी विचारलं.

"थांबा न. दुसऱ्या पॅराग्राफवर आहे."

"सर्टिफिकेटात पॅराग्राफ?"

तिने डोळे उघडले. "अहो, सर्टिफिकेट काहून दिसन एकदम? आधी परीक्षा त झाली पाहिजे. मी घंटीपासून सुरू करतो. कागद लावतो, मार्जिन पाहतो, मंग टाइप. आता घाईघाईत शिफ्ट सोडली न, पुरा शब्दच बिघडला. कागद बदलावा लागला."

"मनातल्या कागदावर पण चुका होतात तुझ्या?"

"मंग? बोटं त तेच आहेत!"

ती नागपूरजवळच्या कन्हानची. तिकडच्या बाया सर्रास "मी करतो, मी जातो" म्हणतात आणि एकदा काम हातात घेतलं की मधली पायरी गाळत नाहीत. वक्त्यांनी तिला थेट गच्चीवर जायला सांगितलं होतं. तिला जिना चढल्याशिवाय गच्ची दिसतच नव्हती. तिची कल्पनाशक्ती कमी होती असं नाही. उलट इतकी काटेकोर होती की तिच्या मनातल्या रिबनची शाई सुकायची आणि मनातलं पोलक्याचं बटण ऐन वेळी तुटायचं. सर्टिफिकेटापर्यंत ती पंचवीस मिनिटांत कधी पोचलीच नाही.

त्याच दिवसांत मी, कोणाला न सांगता, वक्त्यांची रीत जशीच्या तशी करून पाहत होतो. मला एक पुस्तक लिहायचं होतं. वर्तमानपत्र तोंडापुढे धरून मी ते छापून आलेलं पाहायचो. कापडी बांधणी, सोनेरी अक्षरं, प्राचार्यांच्या चेहऱ्यावरचा हेवा. फार सुख व्हायचं. महिन्याभरात ते पुस्तक माझ्या मनात इतकं देखणं झालं की लिहिण्याची निकड उरली नाही. तेव्हा मला या विद्येतली गोम कळली. शेवटाचं चित्र पाहून मन खूश होतं, आणि खूश झालेलं मन उठून कामाला कशाला लागेल? बायकोच्या चित्रात सुख औषधालाही नव्हतं. तिथे नुसती मेहनत होती. बसल्या जागी तिला घाम यायचा. पण बोटं वाट शिकत होती, आणि ती खऱ्या मशीनीवर शिकत आहेत की मांडीवर, याची बोटांना फारशी पर्वा दिसत नव्हती. वर्गातल्या मास्तरांनी घड्याळ लावून पाहिलं तेव्हा ती चोवीसवरून अठ्ठावीसवर आली होती.

वक्त्यांच्या शिकवणीमुळेच आपला वेग वाढला अशी तिची मात्र खात्री होती. ते महिन्याभराने पुन्हा आले तेव्हा ती शंका विचारायला उभी राहिली. सभेत उभी राहून बोलण्याची तिची पहिलीच वेळ.

"सर, माह्या मनातल्या कागदावर करंगळीचे अक्षरं नेहमी फिके उमटतात. काय करू?"

वक्ते गोंधळले. "ताई, तुम्ही कागद पाहूच नका. यश पाहा. चुका मनात आणल्या की चुका घडतात. हा नकारात्मक विचार झाला."

"पण सर, मनात नाही आणल्या त मशीनीवर आल्यावर मी काय करीन?"

मागून कोणीतरी म्हणालं, "बराबर बोलून राहिली बाई!" सभागृह हसलं. वक्त्यांनीही हसून पुढची शंका घेतली. परतताना धरमपेठेच्या वळणावर ती म्हणाली, "त्याईले टायपिंग येत नसन."

परीक्षा मे महिन्यात होती. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे मशीन ज्याची त्याने केंद्रावर न्यायची. वर्गातून मशीन घेऊन आम्ही सायकल रिक्षात बसलो. ती माझ्या मांडीवर होती. मशीन, बायको नव्हे. ऊन असं की लोखंड हाताला भाजत होतं. केंद्रात जाऊन मी ती बायकोच्या टेबलावर ठेवली आणि बाहेर व्हरांड्यात येऊन उभा राहिलो. तिथे सात-आठ नवरे, दोन बाप आणि एक भाऊ आधीच उभे होते.

घंटा झाली आणि आत सगळ्या मशीनी एकदम कोसळल्यासारख्या वाजू लागल्या. त्या आवाजातून मी तिची मशीन वेगळी ऐकण्याचा प्रयत्न करत होतो. शक्य नव्हतं. मग माझ्या लक्षात आलं की माझे ओठ हलत आहेत. "पास झाली आहे, पास झाली आहे," असं मी म्हणत होतो. वक्त्यांनी सांगितलेल्याच रीतीने, मिळालं आहे असं धरून. शेजारचा बाप माझ्याकडे पाहून म्हणाला, "चालू ठेवा भाऊ, मीबी तेच करून राहिलो." माझ्या बुद्धिवादाला त्या व्हरांड्यात सावली मिळाली नाही.

ती बाहेर आली ती डाव्या हाताची दोन बोटं काळी करून.

"काय झालं?"

"रिबन अटकली. मधातच."

"मग?"

"मंग काय? बोटानं रीळ फिरवलं अन् समोर गेली. हे त माह्याकडून पाच-सहा डाव होऊन गेलं होतं," ती म्हणाली. "पलंगावर."

निकाल लागायला पावसाळा उजाडला. वर्गाच्या फळ्यावर मास्तरांनी पास झालेल्यांचे नंबर खडूने लिहिले होते. मी वरून वाचत आलो, ती खालून वाचत गेली, आणि तिला तो आधी सापडला. तिने नंबरावरून बोट फिरवलं. थोडा खडू पुसला गेला. मास्तर ओरडले, "अवं बाई, पुसू नको, बाकीच्याईले पाहायचं आहे!"

मास्तरांकडून पास झाल्याची चिठ्ठी घेऊन ती तशीच कचेरीत निघाली. पाच वाजायला तासभर होता. मी सायकलवर डबल सीट घेऊन तिला पोचवलं. मास्तरांची चिठ्ठी बडे बाबूंनी चष्मा लावून वाचली, उलटून मागची कोरी बाजूही वाचली.

"पास झाल्या म्हणजे टाइप येते आता तुम्हाले," ते म्हणाले.

"येते न."

"मंग बसा. टायपिस्ट रजेवर आहे. तुमचाच कायम करायचा प्रस्ताव आहे, साहेबाकडे पाठवायचा. चार प्रती लागतीन."

तिने पदर खोचला. कार्बन लावले. मी दाराशी उभा राहून पाहत होतो. आपल्याच नोकरीचा कागद ती दुसऱ्या कोणाचा असावा तशा चेहऱ्याने टाइप करत होती, फक्त स्वतःचं नाव आलं तिथे बोटं जरा जोरात पडली. चौथ्या प्रतीवरही ते नाव स्वच्छ उमटलं असणार. बडे बाबूंनी प्रती मोजून घेतल्या आणि म्हणाले की साहेब दौऱ्यावर आहेत, सही सोमवारी होईल.

आम्ही बाहेर पडून सीताबर्डीवर गेलो आणि तिने अर्धा किलो संत्रा बर्फी मागितली. मी म्हणालो, "सही व्हायची आहे अजून."

"ते साहेबाचं काम आहे," ती म्हणाली आणि पुडक्याच्या दोरीची गाठ तिथेच सोडली.