नावं फोडणारे भावोजी

वसईच्या किल्ल्यापासून अर्नाळ्याच्या बंदरापर्यंत डॉक्टर पुष्कळ झाले, पण गोळी देण्याआधी आजाराच्या नावाची वंशावळ सांगणारा डॉक्टर एकच झाला आणि तो माझ्या अक्काचा नवरा होता. लोक त्यांना चक्रम म्हणायचे. म्हणोत बापडे! माझ्या तोंडावर कोणी म्हणालं, तर मी आजही बाह्या सरसावून उभा राहीन. मी तेव्हा विरारला शाळामास्तर होतो आणि दर रविवारी नंदाखालला अक्काकडे जेवायला जायचो. तेव्हा सांगतो आहे ते ऐकीव नाही, डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

भावोजींचं म्हणणं असं, की रोगाला परक्या भाषेतलं नाव दिलं की आजारी माणूस अर्धा तिथेच मरतो. नारळ फोडल्याशिवाय आत काय आहे ते जसं कळत नाही, तसं नाव फोडल्याशिवाय रोगाला किती भ्यायचं ते कळत नाही. मिठागरावरचा गडी हुडहुडी भरून यायचा. त्याला घोंगडीत गुंडाळून भावोजी सांगायचे, की मलेरिया म्हणजे इटालियन भाषेत वाईट हवा, पण हवा बिचारी निर्दोष, डास मोकाट सुटले आणि बदनाम झाली हवा! गडी दात वाजवत विनवायचा, की पैली गोली द्या. एकदा ताडावरून पडलेला एक भंडारी पालथा पडून विव्हळत होता. भावोजी त्याच्या पाठीशी बसून सांगत होते, की आपण ज्याला माकडहाड म्हणतो त्यात ग्रीकांना कोकिळेची चोच दिसली, म्हणून त्यांनी हाडाला कोकिळेचं नाव दिलं. तो कण्हत म्हणाला, "डाक्टर, माकड असो नायतर कोकीला, दुकतंय ते माजं हाय."

पण हे वेड कामालाही यायचं. भावोजींच्या आई कडक सोवळ्याच्या, देवी काढून घ्यायला काही केल्या तयार होईनात. भावोजींनी शांतपणे सांगितलं, की व्हॅक्सीन हा शब्द लॅटिनमधल्या गाईवरून आला आहे. म्हातारीने आधी नमस्कार केला आणि मग दंड पुढे केला! अक्कावर मात्र यातलं काहीही चालायचं नाही. तिला अर्धशिशीचा त्रास होता. एकदा डोकं ठणकत असताना ती बाम मागत होती आणि भावोजींना तेवढ्यात आठवलं, की मायग्रेन म्हणजे ग्रीकमध्येही अर्धं डोकंच. दोन मुलखांतल्या माणसांना एकच गोष्ट सुचली, या आनंदात ते शेजाऱ्यांना सांगायला धावले आणि बाम राहिला कपाटात. तेव्हापासून 'म्हणजे ग्रीकमध्ये' एवढं ऐकलं की अक्का हातातलं भांडं आपटायची.

आता पावाचं सांगितलं पाहिजे. पोर्तुगिजांच्या काळात पाव विहिरीत टाकून गावंच्या गावं बाटवली, अशी गोष्ट आमच्याकडे पिढ्यानपिढ्या सांगत आलेत. म्हणून भावोजींच्या घरात पाव यायचा तो पडवीपर्यंत. पाववाला तो कट्ट्यावर ठेवायचा, भावोजी तिथेच चहात बुडवून खायचे, चूळ भरायचे आणि मग घरात जायचे. सासूबाई गेल्या, तरी अक्काने हा नियम सोडला नाही. हा पाव इनास नावाच्या ख्रिस्ती भट्टीवाल्याचा. त्याच्या बापापासूनचा धंदा, आणि चर्चच्या सणाचा पावही त्याच्याच भट्टीतून जायचा.

या इनासच्या बोटांवर पांढरे डाग आले. भावोजींनी सांगितलं होतं, की याने काही होत नाही, गुमान पाव भाज. पण बायकोच्या हट्टाने तो मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरकडे गेला आणि तिथून एक लांबलचक नाव पाठ करून आला. ल्यूकोडर्मा! गावाने ते नाव ऐकलं आणि महारोगच समजलं. भट्टीवर कुणी फिरकेना. सणाचा पाव आगाशीहून आणायचं ठरलं. आणि एका शनिवारी सकाळी, शाळेला सुटी म्हणून मी आदल्या रात्रीच आलो होतो, भावोजींच्या चहासोबत पावाऐवजी भाकरी आली.

भावोजींनी भाकरीकडे पाहिलं, अक्काकडे पाहिलं आणि सायकल काढली. मी मागोमाग. इनास थंड भट्टीपुढे बसला होता. म्हणाला, "माजा पाव कोन घेत नाय, डाक्टर. भट्टी इकून भावाकडं जातो बोरिवलीला." त्या मोठ्या डॉक्टरने नावाचा अर्थ सांगितला का, असं भावोजींनी विचारलं. इनासने नाही म्हणून मान हलवली. भावोजींचा चेहरा लालबुंद झाला. "नुसतं नाव ठेवून पाठवलं? तो काय तुझा बाप्तिस्मा करत होता? उद्या रविवार आहे. पाटीभर पाव भाज आणि चर्चच्या आवारात उभा राहा."

दुसऱ्या दिवशी चर्चमधली रविवारची प्रार्थना, मिस्सा, सुटली. आवारातल्या क्रुसाजवळ इनास मान खाली घालून पाटी घेऊन उभा, आणि लोक वाट वाकडी करून जात होते. धोतर-कोटातले भावोजी मधोमध येऊन उभे राहिले आणि त्यांनी इनासचा हात धरून वर केला.

"ल्यूको म्हणजे पांढरा. डर्मा म्हणजे कातडी. तुम्हाला जे दिसतंय तेच मुंबईच्या डॉक्टरने ग्रीकमध्ये सांगितलं आणि फी घेतली! हा महारोग नाही. हा लागत नाही. ज्याला शंका असेल त्याने माझ्याकडे बघावं."

आणि डागाळलेल्या हातातून त्यांनी पाव घेतला आणि खाल्ला. मग दुसरा. तिसरा घशात अडकला, तरी पाणी न पिता खाल्ला. कुणी हलेना. शेवटी मरीबाय नावाची एक म्हातारी, जिचे गुडघे भावोजींनी पुष्कळ वर्षं सांभाळले होते, काठी टेकत आली आणि म्हणाली, "दे रे दोन." सगळं गाव त्या दिवशी सुधारलं असं सांगितलं तर ते धादांत खोटं होईल. पण पाटी अर्धी रिकामी झाली, सणाचा पाव इनासकडे परत आला आणि भट्टी पेटती राहिली.

इकडे आमच्या लोकांत वेगळाच भडका उडाला. डॉक्टर चर्चच्या आवारात पाव खाऊन बाटला! चार वडीलधारे पडवीवर येऊन बसले आणि प्रायश्चित्त घ्या म्हणाले. भावोजींनी त्यांना चहा दिला आणि हात जोडून सांगितलं, "प्राय म्हणजे तप, चित्त म्हणजे निश्चय. तप मला जमायचं नाही. निश्चय मात्र झालाय, उद्याही पाव खाणार." अक्का भावोजींशी आठवडाभर बोलली नाही. पण पाव पुन्हा येऊ लागला, नेहमीसारखा कट्ट्यापर्यंत.

भावोजी अचानक गेले. हृदय थांबलं, नाव फोडायलाही सवड मिळाली नाही. त्या घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. पाव खाणारं कुणी उरलं नव्हतं, तरी इनास रोज एक कट्ट्यावर ठेवून जायचा आणि अक्काही त्याला नको म्हणायची नाही.

पुढे माझं लग्न झालं आणि बायकोला घेऊन मी नंदाखालला गेलो. ती साताऱ्याकडची, तिला इथलं काही ठाऊक नाही. सकाळी ती पडवीत उभी असताना इनास आला. आता त्याचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते. नवी नवरी बघून तो हरखला आणि कट्टा विसरून त्याने पाव तिच्यापुढेच धरला. तिचा हात निम्म्यात थांबला. इनासनेही हात मागे घेतला आणि तो कट्ट्याकडे वळला.

अक्का आतून बाहेर आली. तिने इनासच्या हातातून पाव घेतला.

"ल्यूकोडर्मा आहे तो," ती माझ्या बायकोला म्हणाली. "ल्यूको म्हणजे पांढरा, डर्मा म्हणजे कातडी. ग्रीकमध्ये. बाकी काही नाही."

इनास डोळे पुसत होता. अक्काने आमच्या दोघांकडेही पाहिलं नाही. पाव पदराखाली धरून ती उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात गेली आणि तिने चहाचं आधण ठेवलं.