पाशाचाचांचा उजवा हात

लातुरात शिकायला आलेल्या पोरांपैकी निम्मी तरी पाशाचाचांच्या गादीवर झोपून डॉक्टर झाली असतील. मी झाले नाही, पण त्यात गादीचा दोष नव्हता.

२०१७ साली दहावीनंतर आई, म्हणजे सरजाबाई, मला लोह्याहून लातूरला क्लासला सोडायला आली. पहिली खरेदी गादीची. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत पाशामियाँ पिंजारी यांचं दुकान होतं. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "वाचताना कुठं बसतीस?" आईला वाटलं, गादीवाल्याला काय करायचंय? पण चाचांना ठाऊक होतं की पोरं टेबल-खुर्ची सोडून गादीवरच पुस्तकं पसरतात आणि दोन महिन्यांत एका बाजूला खड्डा पडतो. त्यांनी त्या बाजूला कापूस जास्त भरला, हातभर लांब दाभणानं टाके घातले आणि गादी माझ्या खोलीवर स्वतः आणून टाकली. पुढं दोन वर्षं मी त्यांच्या घरी हक्कानं चहा पीत होते. ते चाचा आणि त्यांच्या घरच्या जन्नतबी चाची.

चाचा बोलायला कंजूष. भूकंपाचं विचारलं तर एवढंच सांगत, की त्र्याण्णव साली तिशीत असताना ते किल्लारीकडं गाद्यांचा ट्रक घेऊन गेले. लोक नव्या गाद्या घेत, बाजूला ठेवत आणि मलब्यातून निघालेली फाटकी रजई पुढं करत, की आधी ही शिवून द्या. चाचा पत्र्याच्या शेडमध्ये तीन आठवडे नुसत्या रजया शिवत बसले. "त्या येळी समजलं, हा हात कशाला दिलाय," असं ते म्हणत आणि विषय संपवत.

तोच हात २०२२च्या डिसेंबरात गेला. लकव्याचा झटका आला, तोंड आणि पाय सावरले, उजवा हात मात्र लुळा राहिला. डॉक्टरांनी सांगितलं, पहिले काही महिने महत्त्वाचे. या दिवसांत हात जितका वापरला जाईल तितका परत येईल, नुसता मांडीवर ठेवला तर नंतर येणं अवघड. मुलगा जावेद फोमच्या गाद्यांचं दुकान चालवायचा. तो म्हणाला, अब्बा, आता बस करा. चाचांनी दाभण मागवून घेतलं.

मी तेव्हा नांदेडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. माझा प्रोजेक्ट असा, की मनगटावर पट्टा बांधायचा, त्यातलं सेन्सर हाताची हालचाल सेकंदाला पन्नास वेळा मोजतं आणि त्या आकड्यांवरून संगणकानं ओळखायचं, माणूस काय करून राहिला. आधी त्याला शिकवावं लागतं. जावेदभाई आणि चाचांच्या दुकानातल्या दोन कारागिरांना पट्टे बांधून मी नमुने घेतले होते. हे टाका घालणं, हे जेवण, हे नुसतं बसणं. असे हजारो नमुने पाहिल्यावर तो आपला आपण सांगायला लागला.

मग मला अक्कल सुचली, की हे चाचांच्याच उपयोगी आणावं. दोन्ही हातांना पट्टे बांधले. उजव्याच्या पट्ट्याला लाल दोरा बांधून दिला, म्हणजे आंघोळीनंतर घोटाळा नको. दर शनिवारी मी नांदेडहून एसटीनं लातूर गाठायची, काढून ठेवलेल्या पट्ट्यांतले आकडे उतरवून घ्यायची आणि हाताचा व्यायाम करून घ्यायला घरी येणाऱ्या मॅडमना अहवाल द्यायची.

अहवाल भारी निघायला लागले. उजवा हात रोज तीन तास टाके घालतो, दोन्ही वेळा जेवतो. डावा बिचारा बसून. मी हवेत होते. एकच गोष्ट खटकली. लाल दोऱ्याच्या पट्ट्याचे एका दिशेचे आकडे उलट्या चिन्हाचे येत. मला वाटलं, म्हातारा माणूस, पट्टा उलटा बांधला असेल. मी प्रोग्रॅमच्या एका ओळीत चिन्ह फिरवलं आणि सगळं झकास जुळलं. मॅडम म्हणाल्या, इतकं काम करणाऱ्या माणसाला माझी काय गरज? आठवड्यातून तीनदा यायच्या, त्या महिन्यातून एकदा यायला लागल्या. कॉलेजात मी छाती फुगवून सादरीकरण केलं. टाळ्या पडल्या.

फेब्रुवारी संपता संपता एका शनिवारी माझी बस लवकर पोचली. दुपारची वेळ. चाची दुकानात होत्या, म्हणाल्या, "आत जाऊ नको, ते जेवतायत." चाचा हल्ली कुणासमोर जेवत नव्हते. पण मला आत जायची सवय. मी पडदा सारला.

चाचा भिंतीकडं तोंड करून जेवत होते. डाव्या हातानं. त्याच मनगटावर लाल दोऱ्याचा पट्टा होता. उजवा हात मांडीवर पडलेला आणि बोटं आत वळलेली.

मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. चाचांनी घास ताटात ठेवला.

"चाचा, पट्टा इकडचा तिकडं कधी केला?"

"पैल्याच आठवड्यात," मागून चाची आल्या. "मला वाटलं, तूच सांगितलंस."

चाचींना मी कधी विचारलंच नव्हतं. सगळं काही मी पट्ट्यालाच विचारत होते.

"कशाला केलं चाचा? काम बंद करतील म्हणून?"

"कामाचं नंतर." चाचांनी ताट बाजूला सारलं. "लहानपणी अम्मीनं डाव्या हातानं बिस्किट खाल्लं म्हणून मारलं होतं मला. पाशा डाव्या हातानं जेवतो, हे तुझ्या मशीननं लिहिलं असतं बेटा. चार लोकांनी वाचलं असतं."

"माजुराला, हात गेलेल्या माणसाला, माफी हाय म्हणून मौलाना स्वतः घरी येऊन सांगून गेले," चाची म्हणाल्या. "ह्यांना न्हाई पटत."

आणि टाके? तेही डाव्या हातानं. साठीच्या माणसानं दीड महिन्यात दुसरा हात तयार केला होता आणि माझ्या संगणकानं त्याला उजवा म्हणून पास केलं होतं. आकडे तर खरं सांगत होते. चिन्ह उलटं होतं, कारण हातच डावा होता. मीच ते पुसलं. मला चाचांचा राग आला आणि त्याहून जास्त माझा आला. माझ्या कागदावर विसंबून मॅडम थांबल्या होत्या.

मी त्यांच्यासमोरच मॅडमना फोन लावला. चाचा मान खाली घालून ऐकत होते, पण नको म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या, हात वळवून पाहिला आणि सरळ बोलल्या. सहा आठवडे गेले ते गेले. दाभण धरता येईल असं वचन देत नाही, घास धरता यावा म्हणून प्रयत्न करू. कॉलेजात मी सगळा निकाल मागं घेतला. 

एप्रिलच्या शेवटी, ईद झाल्यावर, चाचांनी मला जेवायला बोलावलं. पडदा बाजूला सारलेला होता. खिचडी आणि चिंचेचा आंबट खट्टा होता. जावेदभाई जेवून दुकानात गेले, चाळीस मिनिटं झाली, तरी चाचांचं ताट अर्धं होतं. बोटं भातापर्यंत जात, थरथरत, अर्धा भात मांडीवर सांडे, उरलेला तोंडाशी पोचे. चाची एकदाही मदतीला उठल्या नाहीत. त्यांचे डोळे भरले होते आणि माझेही.

उजव्या हाताला पट्टा होता, आता खरोखरच्या उजव्या. मी लॅपटॉप उघडला.

"काय म्हणतंय?" चाचांनी विचारलं.

खोटं सांगायची माझी हिंमत नव्हती. "ओळखता येत नाही, म्हणतंय."

चाचांनी पुढचा घास जुळवायला घेतला. "मग तू सांग की त्याला," ते म्हणाले.

मी त्या चाळीस मिनिटांच्या आकड्यांपुढं हातानं लिहिलं: उजवा हात, जेवण.