ग्वाल्हेरला गेलेला राजीनामा

बी. ए. झाल्यापासून देवाकडे काही मागायची मला लाज वाटू लागली होती. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. वडील राजवाड्यावर चोपदार. संस्थानं विलीन होऊन मध्य भारत राज्य झालं, वडिलांची चाकरी सुटली, माझ्यासकट सगळ्या संस्थानांच्या कारकुनांची एकच ज्येष्ठता यादी लागली, आणि एक मॅट्रिक गृहस्थ माझ्या वर जाऊन बसले. त्या दिवसापासून छातीत धडधड सुरू झाली. घास घेताना हात थरथरे. आई माझा चेहरा बघून वाढायची. वैद्यांना नाडीत काही सापडलं नाही.

शेवटी एका दुपारी राजीनामा लिहिला. घरात खाणारी तीन तोंडं, मिळवता मी एकटा. तरी लिहिला, आणि फायलीत घालून हेडक्लार्कच्या टेबलावर ठेवला. राजधानी उन्हाळ्यात आमच्या शहरात, हिवाळ्यात ग्वाल्हेरला असे; थंडीसाठी ती दफ्तरासकट तिकडे निघाली होती. म्हातारे दफ्तरी रामदीनजी फायलींचे लाल बस्ते बांधून पेट्या भरत होते. माझे हात बघून म्हणाले, "भिया, बीए तो हो गए, बैठना कब सीखोगे?"

मी चिडलो. "दिवसभर बसूनच तर असतो!"

"वो तो कुर्सी बैठी रेती है. तुम तो लिस्ट में घूमते हो."

त्यांनी मला रेकॉर्डच्या खोलीत नेऊन पेटीवर बसवलं. डोळे मिटायचे, श्वास आत घेताना रा, सोडताना म. "गिनना मत बाबूजी, गिनोगे तो फिर नंबर लगाओगे." मला त्या मॅट्रिकवाल्याचं तोंडच दिसत राहिलं. उठून आलो तर टेबल रिकामं, पेट्या स्टेशनवर गेलेल्या.

मंजुरीची वाट पाहिली, आली नाही. मी मात्र रोज मधल्या सुट्टीत बसत राहिलो. प्रकाश दिसला नाही, कुणाचा आवाज ऐकू आला नाही. पण जेवताना हात स्थिर राहू लागला, आणि आई माझ्याकडे न बघता वाढू लागली.

उन्हाळ्यात पेट्या परत आल्या. एका बस्त्यात, भलत्याच कागदांमध्ये, माझा राजीनामा होता. कुणी वाचलेलाही नव्हता. मी तो फाडला आणि रामदीनजींना शोधू लागलो, तेव्हा कळलं, ते नोकरकपातीत गेले. ती कपातीची यादी मीच उतरवली होती, माझ्या नावाजलेल्या अक्षरात. 'दफ्तरी, पद एक.' नाव नव्हतं, म्हणून हात अडखळला नाही.

सांवेरला, त्यांच्या गावी, घरी गेलो. राजीनामा मुद्दाम भलत्या बस्त्यात दडवलात का, असं विचारलं तर म्हणाले, "मैं तो कपड़े का रंग देखके बाँधता था, पढ़ना किसको आता है?" यादीचं मी कबूल केलं. त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा लोटा सरकवला. मग म्हणाले, "अक्षर तो अच्छे हैं तुम्हारे, सब केते थे. बैठते हो ना?"

"बसतो."

"बस, फिर."

ते मॅट्रिक गृहस्थ यादीत आजही माझ्या वर आहेत, आणि ते मला आजही सलतं. खोटं कशाला लिहू? पण त्या दुपारी कुणीतरी माझा हात धरला, आणि ज्यांच्याकरवी धरला त्यांची भाकरी माझ्याच हातानं गेली. रोज बसतो तेव्हा रामापुढे हे दोन्ही ठेवतो. पुढं त्याचं तो बघेल. मी नंबर लावत नाही.