पेंटरमामांचा उजवा हात

आमच्या पेंटरमामांनी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. पट्टी न लावता सरळ रेघ मारायचे, आणि ते चारचौघांत सांगायलाही विसरायचे नाहीत. साठी उलटली आणि उजवा हात थरथरायला लागला. औषधाच्या दुकानाच्या पाटीवरची अक्षरं वाकडी आली. दुकानदार भला माणूस, काही बोलला नाही; मामांनी स्वतःच शिडीवर चढून ती पाटी उतरवली. त्या दिवसापासून तो हात खिशात गेला. चहासुद्धा डाव्या हातानं, आणि तोही कुणी समोर नसताना.

मामीला हे बघवेना. तिनं परसातली जागा खणायला काढली. फुटक्या फरश्या निघाल्या, खडे निघाले, कुणाची तरी एक चप्पल निघाली. पावसाळ्यात घेवडा आणि दोडका लावला. ते बी मोठं, डाव्या अंगठ्यानं दाबलं की झालं. मामा तेवढं करायचे आणि उरलेला वेळ मामीच्या चुका काढायचे. त्या कामाला हात लागत नाही.

थंडीत गाजर पेरलं. त्याचं बी अगदी बारीक. मामीच्या चिमटीतून ते एकाच जागी सांडलं. रोपं उगवली ती एकमेकांच्या उरावर बसलेली. एक उपटायला जावं तर दहा हातात यायची. वाफा पुन्हा पेरावा लागला आणि मामीनं पुन्हा तोच घोळ घातला. मामा भडकले. "डोळे मिटून पेरतेस का?" म्हणत त्यांनी पुडी हिसकावली, आणि रागाच्या भरात उजवा हात बाहेर आला. हात थरथरेल तसं चिमटीतलं बी दाणा दाणा सुटत गेलं, वाफ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग त्यांच्या लक्षात आलं. मातीसकट हात पुन्हा खिशात गेला. मामीनं वाफ्यावर माती पसरली. मी पाणी घातलं.

पंधरा दिवसांनी उगवण झाली, तेव्हा एक रोप दुसऱ्याला चिकटलेलं नव्हतं. मामा वाफ्याशी उकिडवे बसून कितीतरी वेळ बघत राहिले.

"आता बारीक बी तुम्हीच पेरायचं," मामी म्हणाली. "मला हे सात जन्मांत जमायचं नाही."

"हा हात मला लोकांना दाखवायचा नाही."

"वाफ्याला कुठे डोळे आहेत?"

तेव्हापासून मामा पेरायला लागले, पण परसाच्या दाराला कडी लावून.

उन्हाळ्याच्या तोंडावर शेजारच्या नर्सबाई माठाच्या भाजीचं बारीक बी घेऊन आल्या. आमची गाजरं त्यांच्याकडे गेली होती, आणि ती कुणी पेरली हे मामीनं सांगून टाकलं होतं. त्यांनी गच्चीवर मातीचे चार खोके भरून ठेवले होते, पेरायला मामांनीच यावं म्हणत होत्या. मामा काहीतरी निमित्त काढून आत जाणार, असं मी धरूनच चालले होते. त्यांनी चपला घातल्या. मीही मागोमाग निघाले.

गच्चीवर बाईंचे यजमान, सासूबाई, सगळेच जमले होते. मामांनी चिमूट भरली आणि हात पुढे केला. तो थरथरताना बघून नर्सबाईंनी सवयीनंच त्यांचं मनगट धरलं, अगदी मायेनं. हात स्थिर झाला. बी पडायचं थांबलं.

मामा मान वर न करता म्हणाले, "सोडा हो. हलू दे त्याला."

बाईंनी मनगट सोडलं. सगळ्यांदेखत मामांनी चारही खोके पेरले.