मालकीण गाडीत आहे

माझ्या बायकोला गाडी चालवता येत नव्हती. स्टिअरिंगला तिने कधी हात लावला नाही. तरी साकीनाक्यापासून मुलुंडपर्यंत आमची व्हॅन फिरली ती तिच्याच जिवावर. ती काय करायची? बसायची. एवढंच. पण असं बसणं मी दुसऱ्या कोणाचं पाहिलं नाही.

माझा धंदा पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. सोसायटीचा पंप बंद पडला की सेक्रेटरी फोनवर असा ओरडतो, जसं काय टाकीतलं पाणी मीच पिऊन टाकलं. पंप जड, त्यामुळे गाडी गेटापाशीच लावायला लागते, आणि नो पार्किंगचा बोर्डही नेमका तिथेच असतो. मी आत खाली वाकून नटबोल्ट सोडवतोय आणि बाहेर टोइंगवाले आले की वाट लागली. पण त्यांचा एक रिवाज आहे. गाडीत माणूस बसलेलं असेल तर ते गाडी उचलत नाहीत. म्हणून आमची ही पुढच्या सीटवर. व्हॅन कर्जावर घेतली तेव्हा बँकेत खातं तिचं होतं आणि सहीही धड तिचीच होती, म्हणून गाडी तिच्या नावावर झाली. तेव्हापासून मी तिला मालकीण म्हणायचो. पुढे हवालदारही म्हणायला लागले.

तिचं अर्धं स्वयंपाकघर गाडीत असायचं. मांडीवर ताट, ताटात गवार. शेंगा मोडता मोडता ती रस्ता बघायची. टोइंगच्या भोंग्याचा आवाज आला की म्हणायची, "आले जावई." तिच्या मते हवालदार आणि जावई सारखेच. न बोलावता येतात आणि आल्यावर त्यांच्याशी नीट बोलावं लागतं. नीट म्हणजे तिच्या हिशेबाने नीट.

घाटकोपरच्या बाजूला एक ठेंगणा हवालदार होता. तो म्हणायचा, "काकू, गाडी काढा. इथे उभी करायची नाही."

"उभी कुठेय? थांबलीय. उभी करणारा माणूस गाडी टाकून जातो. मी गेलेय का कुठे?"

"अहो, तासभर थांबलाय तुम्ही."

"तासभर बघत होतास? मग आधीच यायचंस. गवार मोडायला मदत तरी झाली असती."

फारच झालं तर ती मालवणीवर यायची. "अरे मेल्या, मी हंय बसलंय ती काय शोभेक?" त्यावर तो हसायचा आणि पुढच्या गाडीकडे वळायचा. तीही मग खिडकीतून हाक मारायची, "अरे, पाणी तरी पिऊन जा."

ती सगळ्या नियमांत हुशार होती असं मी म्हणणार नाही. एका रस्त्यावर सम तारखेला या बाजूला आणि विषम तारखेला त्या बाजूला गाड्या लावायचा नियम होता. हिने मला ठासून सांगितलं, "आज सम. इकडेच लावा." मी लावली. तिच्या भरवशावर मागच्या दोन रिक्षावाल्यांनीही लावल्या. हवालदार आला. तारीख विषम. ही म्हणते, "चतुर्थी आहे आज. उपास आहे माझा. चार म्हणजे सम नाही?" हवालदाराने कपाळाला हात लावला. "काकू, आमचं इंग्रजी तारखेवर चालतं." ही म्हणाली, "तुझं चालत असेल. गणपतीचं नाही चालत." पावती फाटली ती फाटलीच. रिक्षावाले तर पुढे कित्येक दिवस तिला बघितलं की आधी विचारायचे, "मावशी, आज उपास आहे का?"

पावतीपुस्तकं गेली आणि फोटो काढायची मशीनं आली, तेव्हा तिला मजाच वाटली. हवालदाराने मशीन वर धरलं की म्हणायची, "थांब, पदर नीट करू दे."

"काकू, नंबर प्लेटचा काढतोय."

"नंबर एकटाच का म्हणून? मालकीण आहे ना गाडीत, तिलाही घे."

एक मात्र होतं. भांडायचं ते दंड होईपर्यंत. एकदा झाला की शब्द नाही. मोबाइलवर मेसेज आला की त्याच दिवशी भरायचा. आमच्या गल्लीतले लोक दंड साठवून ठेवतात, पुढे कधीतरी लोकअदालतीत निम्म्यात सुटेल म्हणून. मीही एकदा तसं म्हणालो. तिने माझ्याकडे असं बघितलं की बस. "सवलत मिळेपर्यंत थांबायला दंड म्हणजे काय साडी आहे?"

मग तो दिवस आला. मी घाटकोपरला एका सोसायटीच्या पंपघरात होतो. वर येऊन बघतो तर व्हॅन नाही. रस्त्यावर खडूने नंबर लिहिलेला. गाडी गेली ते सोडा, बायको कुठेय? भाजीवाल्याला विचारलं, केमिस्टला विचारलं. शेवटी फोन लावला.

"अगं, आहेस कुठे?"

"हवेत."

"काय?"

"पुढची चाकं हवेत आहेत हो. मी मागे मागे घसरत्येय. तुमचा तो जुना पंप माझ्या पायावर आलाय."

झालं होतं असं, की ती मागे पोत्यांवर आडवी झाली होती आणि तिला झोप लागली होती. टोइंगच्या पोरांनी पुढची सीट रिकामी बघितली आणि गाडी उचलली. त्यांचंही चुकलं नाही. चौकीत पोचल्यावर मागचं दार उघडलं तर आत ही, केस विस्कटलेले. ठेंगण्या हवालदाराचा चेहराच उतरला. हात जोडून म्हणाला, "काकू, उतरा." ही उतरायला तयार नाही. "जिथून उचललंत तिथे नेऊन ठेवा. आमचे हे तिथे शोधत असतील." चहा आणला. साखर जास्त म्हणून परत पाठवला. शेवटी बिचारा स्वतः मोटरसायकल काढून मला न्यायला आला. मी त्याच्या मागे बसून चौकीत पोचलो, तर मालकीण खिडकीतून बघते आणि सगळ्यांसमोर विचारते, "मागच्याने हेल्मेट नाही घातलं. याची पावती कोण फाडणार?"

चौकी हसत होती. मीही हसत होतो. घरी येताना मात्र तिने गवारीच्या ताटाला हात लावला नाही. साकीनाका आल्यावर म्हणाली, "अहो, मला दिवसाची झोप लागलीच कशी?"

अख्ख्या जन्मात ती दिवसा झोपली नव्हती. डॉक्टरला दाखवलं. रक्त तपासलं, मग मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. आजाराचं नाव मला आजही नीट घेता येत नाही आणि घ्यायचंही नाही.

हॉस्पिटलात न्यायची तर निराळीच पंचाईत. बाहेर सगळीकडे नो पार्किंग. तिला आत न्यायचं तर गाडीत बसणार कोण? मी रस्त्यावर डोकं धरून उभा. ती आतून म्हणते, "तुम्ही जा, दाखवून या. मी बसते गाडीत."

"अगं, आजारी मी आहे की तू?"

"सगळे रिपोर्ट पिशवीत आहेत. डॉक्टर तेच बघतो. माझ्या तोंडाकडे कधी बघितलंय त्याने?"

शेवटपर्यंत ती गाडीत यायची. मी रागवायचो. ती म्हणायची, "घरी पडून राहायचं ते गाडीत पडते. तेवढाच उपयोग." पण आता पुढेच बसायची, पट्टा लावून, ताठ. डोळे मिटायला लागले की गालावर पाणी मारायची. तिला एकच भीती होती. आपल्या झोपेपायी गाडी परत जाईल आणि हा म्हातारा रस्त्यावर एकटा शोधत फिरेल.

ती गेली. दिवस झाले, पाहुणे गेले. सोसायट्यांचे फोन यायला लागले. पाणी कोणासाठी थांबत नाही. मी घाटकोपरला गेलो, गेटापाशी गाडी लावली आणि सवयीने खिडकीत वाकून म्हणालो, "आलोच." मग आत गेलो. वर आलो तेव्हा गाडी नव्हती.

चौकीपर्यंत चालत गेलो. तोच ठेंगणा हवालदार. मला बघून आधी हसला, मग उठून गाडीकडे गेला आणि मागचं दार उघडून आत वाकून बघून आला. "काका, काकू नाहीत गाडीत?"

मी सांगितलं.

तो खाली बसला. बराच वेळ त्या मशीनची बटणं दाबत राहिला. म्हणाला, "काका, राहू दे आज."

मी म्हटलं, "लाव दंड. गाडी अजून तिच्या नावावर आहे. तिला फुकट काही चालायचं नाही." त्याने लावला. मी तिथेच भरला. मग त्याने स्वतः फाटक उघडून दिलं आणि खिडकीशी आला.

"काका, पुढच्या वेळी कोणाला तरी बसवून ठेवत जा."

मी विचारलं, "कोणाला?"

रस्त्यावरच्या गाड्या हॉर्न मारायला लागल्या, तेव्हा त्याने हात करून त्या थांबवल्या आणि मला आधी जाऊ दिलं.