एक जूनची पोरं

मोखाड्याच्या पंचायत समितीत, शिक्षण विभागाच्या कोपऱ्यातल्या खोलीत रंजना बसायची. कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर. खोडाळ्याहून जीपमध्ये स्वतःला कोंबून यायची आणि आल्या आल्या जी कीबोर्डला भिडायची, ती चहा निवला तरी मान वर करत नसे. तालुक्यातल्या शाळांची वाळवीनं खाल्लेली रजिस्टरं ऑनलाइन चढवायची होती. एकेका मुलाला एकेक नंबर. तो मिळाला की गुरुजींचे मोखाड्याचे हेलपाटे संपले. साहेबसुद्धा अडलं की रंजनाला विचारा म्हणायचे, आणि ते तिला आवडायचं. का नाही आवडणार?

आता आपल्याकडची गंमत अशी, की पाड्यावरच्या निम्म्या पोरांचा वाढदिवस एक जून. पोर कधी जन्मलं विचारलं तर आई सांगणार, नागली कापत होतो तेव्हा. त्याची तारीख गुरुजी कुठून आणणार? लिहिलं एक जून, झालं काम. खुद्द रंजनाचा जन्मही कागदावर एक जूनचाच. आणि नावं तरी किती वेगळी असणार? एका पाड्यावर हौशी नावाच्या दोन पोरी, दोघींचे बाप तुका, आडनाव तर अख्ख्या पाड्याचं एकच.

लांबच्या एका पाड्यावरच्या अशाच दोन हौशी मार्चअखेरच्या घाईत तिच्या स्क्रीनवर एकाखाली एक आल्या. नाव, बाप, वर्ग, तारीख, सगळं तेच. पोर्टलनं लाल अक्षरांत 'दुबार नोंद' दाखवलं. गुरुजींनी चुकून दोनदा लिहिलं असणार, असं म्हणून तिनं एक हौशी काढून टाकली. गुरुजींना एक फोन करायचा, तोही केला नाही. बाहेरचं कुणी असतं तर म्हटलं असतं, त्याला इकडचं काय ठाऊक. पण हिच्या स्वतःच्या वर्गात एक जूनच्या दोन रंजना होत्या हो! तिला कळायला हवं होतं, आणि तेच तिला आजही खातं.

जूनमध्ये तानी, हौशीची आई, पोरीला घेऊन ऑफिसात आली. पोर सातवी पास झालेली, चांगली हुशार. आश्रमशाळेत आठवीला राहायची सोय झाली तर शिकणार, नाहीतर आईबापाबरोबर वीटभट्टीवर जाणार. आश्रमशाळेनं नंबर मागितला होता. रंजनानं नाव टाकलं तर एकच हौशी निघाली, आणि ती दुसरी, आधीच जव्हारच्या शाळेत दाखल. आपण काय केलं ते तिला तिथल्या तिथे कळलं. मावशी, कॉम्प्युटरवर ही नाही, एवढंच तिला म्हणता आलं.

तानीनं पोरीला खांद्याला धरून पुढे केलं. "ही काय उभी आहे. मग नाय कशी?"

रंजनानं चूक लपवली नाही. साहेबांची बोलणी खाल्ली, पालघरला अर्ज पाठवला, आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकांच्या हातापाया पडली. नंबराशिवाय हजेरीवर कसं घेऊ, म्हणाले. काढायला एक बोट पुरलं होतं, परत घ्यायला तालुका आणि जिल्हा कमी पडले. नंबर आला तेव्हा भात झोडून झालं होतं. ती स्वतः पाड्यावर गेली. घराला कडी होती. शेजारीण म्हणाली, भिवंडीकडे भट्टीवर गेली सगळी, पोरगीपण.

उन्हाळ्यात पोर्टलवर हौशीच्या नावापुढे प्रश्न आला, शाळा का सोडली? खाली उत्तरं तयार होती: स्थलांतर, घरकाम, विवाह, शिक्षणाची नावड. रंजना ती पुन्हा पुन्हा वाचत राहिली. तिनं केलं होतं ते त्यात नव्हतं, आणि काही निवडल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. शेवटी तिनं 'स्थलांतर' दाबलं. हिरव्या अक्षरांत उमटलं, 'माहिती पूर्ण'.